आधी रस्सा

सॅन होजेत राहणारे आम्ही मराठी आयटीवाले 'फो'चं कौतुक दोनच शब्दांत करतो: स्वस्त आणि पोटभर. मी तर वाडगा समोर आला की न चाखताच त्यात होयझिन आणि श्रीराचा ओतायचो. गेल्या रविवारी स्टोरी रोडवरच्या एका साध्या हॉटेलात टेबलावरच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या निघाल्या. मग पहिल्यांदाच नुसता रस्सा प्यायलो. भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, चक्रीफूल, दालचिनी, तासन् तास उकळलेली हाडं. गोडवा अगदी शेवटी येतो. इतकी वर्षं मी सॉसच खात होतो म्हणायचं!

सोबतच्या ताटलीत थाई तुळस, मुगाचे लांब मोड, लिंबू. (मिसळीसारखंच, शेवटचा हात खाणाऱ्याचा.) फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा, आणि हनोईत तो बराच साधा असतो. १९५४च्या फाळणीनंतर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. हा पालापाचोळा त्याला चिकटला तो तिकडे. १९७५मध्ये सायगाव पडलं आणि निर्वासितांबरोबर हा दक्षिणी थाटाचा वाडगा कॅलिफोर्नियात पोचला.

तक्रारी आहेत. नूडल्सचा गोळा झाला होता, मांस जास्त शिजलं होतं. ताटलीत ती करवतीसारख्या कडांची, कोथिंबिरीच्या वासाची लांब पानंही नव्हती. विचारल्यावर काउंटरवरच्या आजी मान वर न करता म्हणाल्या, "महाग झालीत." स्वस्त म्हणून इथे येणारा मी त्यावर काय बोलणार? वाडगा तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायलो.