गोळ्यांचा ‘वर्षाव’

मराठी वीरकथेचा लेखक रणांगणावर उतरला कीं त्याच्या लेखणींतून पहिला शब्द बाहेर पडतो तो ‘गोळ्यांचा वर्षाव’. हा शब्द कानाला भरदार लागतो, परंतु तो विषयाचा घात करतो असें आम्हांस वाटतें. पाऊस आपोआप पडतो. यंत्रबंदुकीला प्रत्येक काडतूस भरवावें लागतें, आणि तें भरविणें चुकलें कीं बंदूक म्हणजे नुसतें लोखंड.

आष्टीच्या काळ्या रानांत तिफण चालते, तेव्हां चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे सोडते व ते आपल्याच वजनानें नळ्यांतून मातींत उतरतात. १८६२ सालच्या गॅटलिंग बंदुकींत काडतुसें अशींच वरून खालीं येत. दांडा मात्र माणसाला फिरवावा लागे. १८८४ च्या सुमारास मॅक्झिम यांनीं बाराचा धक्काच कामाला जुंपला. तोच रिकामें काडतूस बाहेर टाकी, पट्टा एक घर पुढें ओढी व नवें काडतूस नळींत सारी. पट्टा कापडी असे. भिजला कीं फुगून अडे. पुढें जर्मनांच्या एम. जी. ४२ ह्या बंदुकीनें मिनिटाला सुमारें १२०० गोळ्यांचा वेग गांठला. इतक्या वेगानें जड पट्टा एकदम हिसडला तर अडण्याचें भय. म्हणून बोल्ट पुढें जातांना अर्धें घर व मागें येतांना अर्धें, अशी चाल विभागली. हेतु क्रूर असला तरी ही कारागिरी सुंदर आहे, हें नाकारण्यांत काय अर्थ?

आतां नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत पाहा. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, मराठा लाइट इन्फन्ट्रीची त्यांची तुकडी यंत्रबंदुकीच्या माऱ्यांत सांपडली. बाकीचे सारे मेले वा जखमी झाले. घाडगे एकटे धांवले. हातबाँबनें त्यांनीं बंदूक व तिचा चालक निकामी केला, आपल्या सबमशीनगननें आणखी एकाला पाडलें. मग पेटी बदलण्यास अवसर नव्हता, म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केलें. जिंकलेल्या त्याच ठाण्यांत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले.

एका बंदुकीपाशीं इतकीं माणसें कां? एक झाडणारा, बाकीचे पट्टा धरणारे, काडतुसें आणून देणारे. ‘वर्षाव’ म्हटला कीं हीं माणसें दिसेनाशीं होतात.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रांत पेटीचा उल्लेख अर्ध्या ओळीचा आहे. आमच्याकडील कथनांत पुष्कळदां नेमका तोच गळतो, आणि त्याच्या जागीं ‘देहभान विसरून’ येतें. आमचें म्हणणें उलट आहे. देहभान विसरलेला मनुष्य रिकाम्या गनचा खटका ओढीत बसता. त्या काळच्या टॉमीगनच्या पेटींत २० किंवा ३० काडतुसें असत, आणि वेग मिनिटाला सुमारें ७०० चा; म्हणजे सलग झाडल्यास भरलेली पेटी अडीच सेकंदांत रिती. ती काढून दुसरी बसविण्यास दोन्ही हात व कांहीं क्षण हवेत. समोर तर दोघे जिवंत होते.