‘चालू स्थितीत’ म्हणजे काय हो?

जुने टेपरेकॉर्डर, डेक, स्पीकर विकायच्या ऑनलाइन जाहिराती मी हल्ली कथा-कविता वाचावी तशा बारकाईनं वाचते. चार ओळींचा मजकूर असतो, पण लिहिणारा काय सांगतो आणि काय गिळतो, यावरून त्याची नियत कळते.

ही उठाठेव कशाला, असं म्हणाल. आपल्या बेळगाव भागात कितीतरी घरांत कॅसेटी पडून आहेत. भक्तामर आहे, लग्नातली गाणी आहेत, आणि त्यातच एखादीवर आईनं म्हटलेल्या ओव्या, ज्यांची दुसरी प्रत कुठंही नाही. त्या ऐकायच्या तर चांगला डेक पाहिजे, आणि तसा नवा सहज मिळत नाही. म्हणून बायका जुना शोधतात. खराब यंत्र गळ्यात पडलं तर पैसे जातातच, वर ते फीत गुंडाळून आईचा आवाजही खाऊन टाकतं. म्हणून जाहिरात वाचायला शिकलं पाहिजे.

‘चालू स्थितीत’ हे सगळ्यांचं लाडकं वाक्य. दिवा लागला की यंत्र चालू, असा त्याचा अर्थ बरेचदा असतो. ‘फारसं वापरलेलं नाही’ हे ऐकायला गोड, पण रबराला आणि फोमला ते लागू होत नाही. डेकमधला रबरी पट्टा नुसता पडूनही सैल होतो, कधी डांबरासारखा चिकट होतो. फीत ओढणारं रबरी चाक कडक पडतं आणि गाणं हेलकावे खातं. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड कपाटात बसून भुगा होते. ‘वायर नाही म्हणून तपासलं नाही’ असं लिहिणाऱ्याला एक वायर आणणं जड होतं, की तपासणं? ‘खास जपानचं’ म्हणणारा मागच्या पट्टीचा फोटो टाकत नाही. जपानातली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. सरळ लावलं तर जळायचंच.

आता खरी जाहिरात कशी असते? ‘उजवीकडचा आवाज कमी येतो, बटण फिरवताना खरखर होते, पट्टा मागच्या वर्षी बदललाय.’ ही वाचून आपण काय करतो? तोंड वाकडं करतो, नाहीतर त्याच दोषांवर बोट ठेवून किंमत निम्मी पाडतो. दोष लपवणाऱ्याला मात्र पूर्ण पैसे देतो. माझी तक्रार इथं आहे, आणि ती आपल्याविरुद्ध आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच दाखवलं. गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही की तो सगळ्यालाच मधला भाव देतो. मग चांगला माल असलेला माणूस बाजारातून निघून जातो, भंगार तेवढं राहतं.

आपल्याकडं तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली माल असली म्हणून खपवणं, विकणाऱ्याला लागतो. तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणं, हा मात्र घेणाऱ्याचा दोष. भारी डेक मातीमोल भावात मिळतोय, बिल नाही, कुठून आणला विचारलं की विकणारा गप्प. तरी ‘स्वस्त पडला बाई’ म्हणून आपण उचलतो. मग व्रत फक्त दुकानदारानंच पाळायचं काय?

तेव्हा असं करूया. कॅसेट वाजतानाचा व्हिडिओ मागायचा. त्यात दोन्ही बाजूंचा आवाज, पुढं-मागं पळवणं सगळं दिसलं पाहिजे. मागच्या बाजूचा फोटो मागायचा. ‘यात काय बिघडलंय?’ असं सरळ विचारायचं. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार. तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रात काहीच बिघडलेलं नसणं कठीण. जो तीन दोष सांगेल, त्याच्याशी घासाघीस करताना हात जरा आखडता ठेवायचा. दुरुस्तीचा खर्च वजा करावा, त्याच्या खरेपणाचा करू नये. आणि डेक घरी आला की आधी टाकाऊ कॅसेट घालायची. आईची कॅसेट सगळ्यात शेवटी.