सोन्याचे सूत आणि निबेचे टोक

ज्या वस्तूने समीक्षा लिहायची तिचीच समीक्षा करणे थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु महागडे फाउंटन पेन भेट देण्याची प्रथा आता आपल्या साध्यासुध्या कुटुंबांतही शिरली आहे. अशा पेनाविषयी बोलताना आपण एकतर किंमत ऐकून थक्क होतो, नाहीतर किंमत ऐकून नाक मुरडतो. दोन्ही वेळा पेन बाजूलाच राहते. त्याची घडण कशी आहे, ते कागदावर कसे चालते, आणि त्याच्या अंगावरच्या अलंकाराचा लिहिण्याशी काही संबंध आहे की नाही, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. ते विचारावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सांगलीच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना त्यांच्या आखातातील मुलाने मॉन्ट ब्लांक कंपनीचे ‘माइस्टरश्टुक १४९’ हे पेन भेट दिले. त्यांनी ते मोठ्या मनाने पंधरा दिवस मला वापरायला दिले. त्याच्या किमतीत एखादी चांगली दुचाकी यावी, तेव्हा हे औदार्य लहान नव्हे. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या या कंपनीने ‘माइस्टरश्टुक’ हे नाव १९२४ पासून वापरले. युरोपातील कारागिरांच्या संघांत शिकाऊ माणसाला उस्ताद म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी स्वतःच्या हाताने एक कृती घडवून दाखवावी लागे, त्या कृतीला हा शब्द आहे. १४९ हा त्यातील थोरला भाऊ, १९५२ साली बाजारात आलेला. काळाभोर, विड्यासारखा दोन्हीकडे निमुळता. टोपणावर सोनेरी कडी, आणि माथ्यावर मॉन्ट ब्लांक शिखरावरील बर्फाचे पांढरे चिन्ह. सोन्याच्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला आहे. ती त्या शिखराची मीटरमधील उंची. सत्तर वर्षांत या आकृतीत फारसा बदल झालेला नाही, आणि तो का झाला नाही हे पेन हातात घेतल्यावर कळते. जाडी अंगठ्याहून कमी नाही. प्रथम वाटते, ही लेखणी की मुसळी? पण पाचदहा ओळींनंतर ध्यानात येते की जाड पेन आवळून धरावे लागत नाही. ते अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात नुसते टेकते, आणि मनगट मोकळे राहते.

लिहिण्याचा अनुभव शब्दांत पकडणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. बॉलपेनने आपल्या बोटांना दाबण्याची सवय लावली आहे. तीत गोळी फिरली तरच घट्ट शाई बाहेर येते, म्हणून आपण कागदावर जोर देतो आणि मागच्या पानावर अक्षरे उठतात. शाईच्या पेनात दाबण्याचे काम नसते. निबेला मध्यभागी एक केसाएवढी चीर असते. त्या चिरेतून शाई आपोआप टोकापर्यंत ओढली जाते, आणि निबेखालच्या जिभेच्या खाचांतून तेवढीच हवा उलट आत जाते. ही देवघेव समान राहिली की पेन ठिपके गाळीत नाही आणि अडखळतही नाही. १४९ मध्ये ही देवघेव इतकी समतोल आहे की पेनाच्या भारानेच रेघ उमटते. हाताने फक्त दिशा दाखवायची. शाई भरण्यासाठी मागची घुंडी फिरवून आतला दट्ट्या खालीवर करावा लागतो. हे सावकाश करण्याचे काम आहे, आणि लेखनाला बसण्यापूर्वी ते करण्यात एक शांतता आहे. धर्मग्रामाच्या नोंदवहीच्या जाड कागदावर बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी मी या पेनाने केल्या (शाई अर्थात न पुसली जाणारी भरून!). तिथे ते राजासारखे चालले. शाळकरी वहीच्या पातळ कागदावर मात्र कोणत्याही उदार निबेची शाई पसरतेच. तो कागदाचा गुण आहे, पेनाचा नव्हे.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. देवनागरीत निबेची खरी परीक्षा शिरोरेघेत होते. रोमन लिपीत शब्दाच्या माथ्यावर अशी लांब, सलग, आडवी रेघ कुठेच नाही. निबेत थोडाही कंजूषपणा असेल तर ‘परमेश्वर’ लिहिताना ‘श्व’पाशी रेघ फिकी पडते. १४९ ची रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत सारखी ओली राहिली. तरीही काहीतरी उणे वाटत राहिले, आणि त्याचे कारण पेनात नसून जुन्या इतिहासात आहे. आपल्या पूर्वजांचा बोरू तिरका कापलेला असे. त्याच्या टोकाने उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन लिपीच्या रुंद टाकाचे याच्या नेमके उलट असते. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दप्तरातील मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना बोरूचे ते वळण आठवेल. त्यात आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरे तिच्याखाली भराभर टांगलेली असतात. आजच्या निबेचे टोक गोल घासलेले असते, म्हणून ती सर्व दिशांना सारखीच रेघ काढते. ती कोणत्याच लिपीशी वैर करीत नाही, पण देवनागरीशी तिचे खास सख्यही नाही.

निबेच्या टोकाविषयी बोलताना मला मिरजेची आठवण होते. तेथील तंबोरे आणि सतारी देशभर जातात, आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा कितीही सुंदर असो, त्यावरील नक्षी कितीही नाजूक असो, कारागिराचा कस लागतो तो जवारीत. घोडीचा माथा कानसेने इतका हलका घासायचा की तार त्याला टेकते न टेकते अशी राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा, आणि तो केसभर पुढेमागे करीत राहायचे. एका क्षणी तार गुंजू लागते. दोऱ्याची किंमत काहीच नाही. पण तो काढला तर तंबोरा मुका होतो. पेनाच्या निबेचे घासकामही याच जातीचे आहे. अति गुळगुळीत केली तर निब काचेवरून घसरावी तशी घसरते, आणि खरखरीत ठेवली तर कागद ओरबाडते. १४९ च्या कारागिराला ही जवारी साधली आहे.

हाच निकष घेऊन याच कंपनीच्या दुसऱ्या एका पेनाकडे वळतो. सप्टेंबर २००९ मध्ये, गांधीजयंतीच्या तोंडावर, मॉन्ट ब्लांकने महात्मा गांधींच्या नावाचे पेन भारतात आणले. पांढऱ्या सोन्याची घडण. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून संख्या फक्त २४१. किंमत अकरा लाख रुपयांच्या वर. पेनाच्या मध्यभागाभोवती सुमारे आठ मीटर सोन्याची तार हाताने गुंडाळलेली, सूतकताईची आठवण म्हणून. निबेवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले, आणि अडकवण्याच्या पट्टीवर केशरी रंगाचे रत्न. गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांच्या प्रतिष्ठानाला कंपनीने बालमजुरीतून सोडवलेल्या मुलांसाठी मोठी देणगीही दिली. पुढे केरळ उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, राष्ट्रीय चिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याचा आधार घेतला गेला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये भारतातील विक्री थांबली.

इतक्या पैशांत किती मुले शिकली असती, हा हिशेब मी मांडणार नाही. तो कोणत्याही मौल्यवान वस्तूविषयी मांडता येतो, आणि बेथानीतील सुगंधी तेलाच्या वेळी तो कोणी मांडला होता हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हे पेन मी हातात धरलेले नाही, म्हणून त्याच्या चालीविषयीही बोलत नाही. माझा आक्षेप घडणीच्या अर्थाविषयी आहे.

सोन्याची ती तार पाहा. टकळीवरचे सूत गुंडाळले जाते ते उलगडण्यासाठी. ते मागावर जाते, त्याचे कापड होते, ते कोणाच्या तरी अंगावर येते. पेनावरची तार कधीच उलगडायची नाही. मिरजेच्या दोऱ्यासारखे तिला कसलेही काम नाही. सुताचा आकार उचलला आणि सुताचा धर्म मागे राहिला. आकड्याचेही तेच. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघताना गांधीजींसोबत ७८ जण होते, आणि वाटेत गावोगावची माणसे येऊन मिळत गेली. त्या २४१ मैलांचा अर्थच हा की वाट सर्वांना खुली होती. इथे तोच आकडा दार लावून घेण्यासाठी वापरला आहे: २४२ व्या माणसाला प्रवेश नाही. निबेवरील चित्राचा विचार तर कोणी केलाच नसावा. ज्या दौतीत पेन बुडवून भरायचे, तिच्यात दर वेळी महात्म्याला शाईत बुचकळायचे, आणि मग फडक्याने पुसायचे! ४८१० हा आकडा शाईत बुडाला तर पर्वताची उंची कमी होत नाही. माणसाच्या प्रतिमेचे तसे नसते.

साताऱ्याला गांधीजी परके नाहीत. १९२७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले ते त्यांच्याच हस्ते. आणि त्यांच्या लेखणीविषयीची सर्वांत बोलकी आठवण सांगणारे काकासाहेब कालेलकर हे साताऱ्यात जन्मलेले. १९१५ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या गडबडीत गांधीजी काहीतरी शोधीत होते. शोध होता दोन इंचांहूनही लहान अशा पेन्सिलीच्या तुकड्याचा. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांना नको होती. तो तुकडा मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. तो हरवून कसे चालेल? सापडला तेव्हाच त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभली. त्या तुकड्याला किंमत आली होती ती देणाऱ्या हातामुळे. आणखी एक गोष्ट त्यांच्या आत्मकथेत आहे: आपले अक्षर वाईट आहे याची त्यांना आयुष्यभर लाज वाटली, आणि मुलांना अक्षरांआधी चित्रकला शिकवावी असे त्यांचे मत झाले. सुंदर अक्षराची ही तळमळ पेन घडवणाऱ्याला केवढे मोठे आव्हान ठरली असती!

तसे पाहता गांधीजींचे पेन म्हणावे असे एक पेन या देशात कधीच होऊन गेले होते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी लेथवर घडवलेले देशी फाउंटन पेन १९३५ साली त्यांच्याकडे पोहोचले. ते त्यांनी वापरून पाहिले, आणि बाजारातील विलायती पेनांना हा चांगला पर्याय दिसतो अशा अर्थाचे पत्र रत्नम यांना लिहिले. त्या पत्रात स्तुतीचा पूर नाही. वापरणाऱ्याने कारागिराला द्यावी तेवढीच पावती आहे, आणि समीक्षेचा तो चांगला नमुना आहे.

हॅम्बुर्गच्या कारागिरांकडे कौशल्य कमी नव्हते. १४९ त्याची साक्ष देते. आठ मीटर तार हाताने गुंडाळण्याइतका धीर ज्यांच्यापाशी होता, त्यांनी तोच धीर निबेच्या टोकापाशी खर्च केला असता, एखादा जुना बोरू समोर ठेवून ते टोक आपल्या लिपीच्या तिरक्या वळणाला घासले असते, आणि अंगावर साधा काळा एबोनाइट ठेवला असता, तर ते पेन मीही कोणाकडून तरी पंधरा दिवसांसाठी मागून आणले असते.