आनंदाची कसोटी : टिळकांची अभंगवाणी आणि ‘स्मृतिचित्रे’

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके घेत भिलाईला पोचतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या अनेक भागांतील लोकांबरोबर मराठी कुटुंबेही पोटापाण्यासाठी या परिसरात येऊन राहिली. परंतु या मार्गाचे मराठी वाङ्मयाशी असलेले नाते कारखान्याहून पुष्कळ जुने आहे. १८९३ साली याच मार्गावरून नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानाकडे नोकरीच्या आशेने निघाले होते. आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे ती मुख्यतः लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. पण तिच्यातून निघणारा एक वाङ्मयीन प्रश्न पुरेसा विचारला गेलेला नाही. टिळकांना धर्मग्रंथात प्रथम ज्याने जखडून ठेवले ते डोंगरावरील प्रवचन. ज्यांना जग दुर्दैवी समजते अशा दीनांना, शोक करणाऱ्यांना, छळ सोसणाऱ्यांना त्या प्रवचनाच्या आरंभी ‘धन्य’ म्हटले आहे. दुःख टळल्यावर होणारा आनंद सर्वांच्या परिचयाचा असतो. येथे मात्र दुःख असतानाच धन्यता सांगितलेली आहे. हा आनंद मराठीत खरोखर कोठे उतरला? टिळकांच्या अभंगांत की लक्ष्मीबाईंच्या गद्यात? आणि उतरला असेल, तर तो टिकाऊ आहे हे आपण कशावरून ओळखायचे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ख्रिस्ती आनंदाची भाषा मराठीला टिळकांपूर्वीही अपरिचित नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले आणि ओवीने तारणाऱ्याच्या जन्माचा सोहळा गाइला. परंतु स्टीफन्स कथाकार आहेत. त्यांचा आनंद कथेतील प्रसंगाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून जी गीते मंडळींत रूढ केली, त्यांतला आनंद बहुधा उसना वाटतो, कारण त्याला मराठी माणसाच्या व्याकुळतेचा आधार नसतो. टिळकांनी ही उणीव ओळखली. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या वाटेने चालत आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती आणि ‘अभंगांजली’ तिची साक्ष देते.

तुकोबांचे नाव येथे केवळ छंदासाठी येत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्यानंतर त्यांची वाणी उमलली. म्हणजे आपत्तीच्या पोटी जन्मणारा आनंद मराठी वाचकाच्या कानी होताच. टिळकांना तो नव्याने शिकवावा लागला नाही. मग त्यांनी नवे काय आणले? वारकऱ्याचा देव विटेवर उभा आहे. तो वाट पाहतो, आणि त्याचे रूप पाहताना भक्ताचे दुःख विरून जाते. टिळकांचा देव स्वतः जखमी आहे. त्याच्या दर्शनाने भक्ताचे दुःख विरत नाही, उलट ते वाटून घेतले जाते. येथे आनंद हा दुःखाचा अंत न राहता दुःखातील सोबत होतो. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत आनंद आणि कृपा हे शब्द एकाच धातूकुळातले आहेत. मराठीत तसे शब्दबंधुत्व नाही. ते टिळकांनी अभंगाच्या करुणेतून साधले. त्यांचा ख्रिस्त माउली होतो, आणि माउलीची कृपा व लेकराचा आनंद या दोन गोष्टी मराठी कानाला वेगळ्या करून सांगाव्या लागत नाहीत.

हे टिळकांचे मोठेपण मान्य करूनही एक मर्यादा नोंदवणे भाग आहे. टिळकांच्या अभंगांत व्याकुळतेपासून आनंदापर्यंतचे अंतर पुष्कळदा फार लवकर कापले जाते. भावगीताची ही प्रकृतीच आहे. चार-सहा चरणांत आर्त हाक आणि तिचे उत्तर दोन्ही मावावे लागतात. फुलामुलांच्या या कवीचा पिंडही तत्काळ उचंबळणारा होता. त्यामुळे त्यांचा आनंद खरा वाटतो, पण त्याची कसोटी लागलेली आपल्याला दिसत नाही. ती कसोटी ज्या घरात लागत होती, त्या घराचा वृत्तान्त दुसऱ्याच लेखणीने लिहिला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली आणि अखेरचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर (२४ फेब्रुवारी १९३६) आला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या एका स्त्रीने हे लिहिले, याचे कौतुक आपण पुष्कळ केले. तिच्या विनोदाचेही केले. परंतु या कौतुकात एक गृहीत दडलेले असते : विनोद हा लक्ष्मीबाईंचा स्वभाव, आणि ख्रिस्ती श्रद्धा हा त्यांच्या चरित्रातील एक योगायोग. या गृहीताला पुष्टी देणारा पुरावाही आहे, हे नाकारता येत नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड किंवा सासऱ्यांचा कोप सांगताना लक्ष्मीबाई ज्या मिस्किलपणे लिहितात, त्या वेळच्या घटनांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नव्हता. मग त्यांच्या हसण्याला ख्रिस्ती आनंद म्हणणे ही ओढाताण नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर पुस्तकाच्या रचनेतच शोधावे लागते. या घटना घडल्या तेव्हा त्या हसण्याजोग्या नव्हत्या. लहान मुलीला सोवळ्याच्या धाकात वाढवणे, अकराव्या-बाराव्या वर्षी परक्या घरी जाणे, पोटची मुले जाणे, पतीने न सांगता निघून जाणे आणि हाती आलेला पैसा भलत्याच्याच हाती देऊन मोकळे होणे, हे सारे भोगताना रडवणारे होते. हसू आहे ते लिहिणाऱ्या वृद्ध स्त्रीचे. तिच्यापाशी असे काही आहे, की ज्याच्या बळावर ती त्या मुलीकडे, त्या कोपिष्ट सासऱ्याकडे आणि त्या विसराळू पतीकडे एकाच मायेने पाहू शकते. स्वभाव माणसाला हजरजबाबी करील, पण ज्यांनी आपल्याला छळले त्यांना हास्याच्या पंगतीत बरोबरीने बसवण्याचे सामर्थ्य स्वभावातून येत नाही. हे क्षमेचे काम आहे. लक्ष्मीबाईंनी क्षमेवर प्रवचन दिले नाही. त्यांनी ती वाक्याच्या वळणात मुरवली.

टिळकांच्या धर्मांतरानंतरची सुमारे पाच वर्षे हा या पुस्तकाचा गाभा होय. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, काही काळ पंढरपुरात, पदरी लहान मूल घेऊन राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांच्या नजरा, आप्तांची माया आणि तिच्यातला जाच. या काळात त्यांना कविता सुचू लागली. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाचा की माणसाचा, हा विचार त्यांना एकदा आपल्या आतूनच सुचला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या क्रमाला महत्त्व आहे. टिळकांचे परिवर्तन ग्रंथाच्या पानातून आले, लक्ष्मीबाईंचे पाण्याच्या भांड्यापासून सुरू झाले. ज्या सोवळ्याने बालपण काळवंडले, ते गळून पडताना त्यांना जो मोकळेपणा लाभला, त्यात ख्रिस्ती आनंदाचा त्यांचा खास अर्थ आहे : भीती संपणे. पुस्तकाच्या आरंभीचे सोवळ्याचे विनोद या मोकळेपणाच्या बाजूने लिहिलेले आहेत. म्हणूनच आक्षेपकाचा पुरावा उलट आपल्याच पक्षाला येऊन मिळतो.

येथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. स्त्रीच्या दुःखावर आनंदाचे पांघरूण घालणे हे पुरुषाच्या अन्यायाला सोयीचे नसते काय? टिळक पत्नीला न सांगता धर्मांतर करून मोकळे झाले. तिने मात्र हसतमुखाने सारे स्वीकारावे, हा आनंद की सोशिकतेचे गोड नाव? प्रश्न टाळण्याजोगा नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ टिळकांना झाकत नाहीत. त्यांचा संताप, त्यांची लहर, त्यांच्या औदार्याची घराला बसलेली झळ, त्यांनी दिलेला विरह, सारे तेथे आहे आणि तारखेवार नसले तरी हिशेबवार आहे. तक्रार नाहीशी झालेली नाही, तिचे विष तेवढे गेले आहे. आनंद आणि विसर यांतला हा भेद लक्षात ठेवला, तर लक्ष्मीबाईंचे हसू सोशिकतेच्या खात्यात टाकता येत नाही. सोशिक माणूस आठवत नाही, किंवा आठवले तरी बोलत नाही. लक्ष्मीबाई सर्व आठवतात आणि सर्व बोलतात.

पंडिता रमाबाईंशी तुलना केली म्हणजे हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. रमाबाईंनीही दुष्काळात आईवडील गमावले, आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने अनाथ केलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. त्यांच्या आत्मनिवेदनातील आनंद गंभीर आहे. तो मुक्तीचा आणि कार्याचा आनंद आहे. लक्ष्मीबाईंच्या घरातही अनाथ, निराधार आणि भुकेलेली मुले येत राहिली. बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवीही काही काळ त्या घरचा झाला. पण संस्थेचे गांभीर्य त्या घराला कधी आले नाही. तेथे आनंद म्हणजे पानावर आणखी एक माणूस वाढणे आणि त्यापायी उडालेली तारांबळ.

एक मर्यादा मात्र लक्ष्मीबाईंचीही आहे. नगरच्या मिशनमधील ख्रिस्ती समाजात मोठा भाग महार-मांग जातींतून आलेला होता. त्या समाजाने भोगलेले दुःख आणि त्याला लाभलेला आनंद ‘स्मृतिचित्रे’त आपल्याला घराच्या ओसरीवरून दिसतो, आतून बोलणारा आवाज ऐकू येत नाही. ब्राह्मण घरातून आलेल्या स्त्रीने भीती ओलांडली, याची ती कथा आहे. ज्यांची तिला भीती घातली गेली होती, त्यांची कथा अजून दुसऱ्या कोणाच्या लेखणीची वाट पाहणारी होती. हे नोंदवल्याने पुस्तकाचे मोल घटत नाही, त्याची हद्द कळते.

शेवटी ‘ख्रिस्तायना’कडे वळले पाहिजे. हे महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिले आणि दहा-अकरा अध्याय लिहून ते ९ मे १९१९ रोजी निवर्तले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, समारोपाचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला, आणि १९३८ साली शहात्तर अध्यायांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काव्यगुणांच्या दृष्टीने लक्ष्मीबाईंची ओवी टिळकांच्या तोडीची नाही, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. पण कामाची वाटणी कशी झाली ते पाहावे. आरंभीचा भाग आनंदाच्या कवीच्या वाट्याला आला. क्रूसापर्यंतची आणि क्रूसापलीकडची वाट त्याच्या विधवेला लिहावी लागली. पतीच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीपासून पुढे, उतारवयात, वर्षानुवर्षे रोजच्या संसारातून सवड काढून ती लिहीत राहिली. तिच्या आनंदाला टिकाऊ म्हणायचे ते या अर्थाने. उमाळा ओसरल्यानंतरही तो दुसऱ्या दिवशी लिहायला बसला.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बंदिवासातले आहे, आणि आनंदाचा उपदेश जितका त्यात आहे तितका त्याच्या इतर पत्रांत क्वचितच असेल. ख्रिस्ती परंपरेत आनंदाचे वचन नेहमीच कोणत्या जागेवरून उच्चारले गेले, यावरून पारखले जाते. टिळकांच्या अभंगांनी मराठीला त्या आनंदाची गाण्याजोगी भाषा दिली. आजही मराठी मंडळींच्या उपासनेत ती गाइली जाते. ती भाषा घरात, भांड्याकुंड्यांत आणि भांडणांत टिकते की नाही, याची परीक्षा ‘स्मृतिचित्रे’ने दिली. म्हणून अभ्यासकाने ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत आणि अभंग वाचून झाल्यावर गद्याकडे वळावे. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर ज्या ग्रंथाची प्रत टिळकांच्या हाती पडली, त्यातला ‘धन्य’ हा शब्द मराठीत पुरता उमगायला त्यांच्या घराला चाळीस वर्षे लागली, आणि तो अखेर समजावून दिला तो पत्नीने, हसत हसत.