नाव नाही, तर वाटाही नाही

'घोस्ट वर्ल्ड' हा २००१चा अमेरिकन सिनेमा सुरू होतो तो आपल्या 'जान पहचान हो'नं. टीव्हीवर 'गुमनाम'मधला (१९६५) तो धिंगाणा चालू आहे आणि ईनिड नावाची मुलगी आपल्या खोलीत एकटीच त्यावर नाचतेय. मी हा प्रसंग फोनवर कितीदा पाहिलाय, मोजलेलं नाही.

ईनिडला हिंदीचा एक शब्द कळत नाही. म्हणजे तिला नाचवतोय तो रफीसाहेबांचा आवाज आणि त्यामागचं वादन. गिटार, ड्रम आणि ब्रास काढून टाका, प्रसंग तिथेच बसेल. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर होते गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात तेव्हा गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. रेकॉर्डिंगला यायचं, समोरचं नोटेशन वाजवायचं, त्या दिवसाचे पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. पडद्यावर नाव नाही.

"पैसे घेतले ना? मग विषय संपला." हे म्हणणं एखाद्या खडूस निर्मात्याचंच असतं असं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, तेव्हा खुद्द रफीसाहेबांचं मत साधारण हेच होतं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. रफीसाहेबांच्या दिलदारपणाबद्दल मला शंका नाही, पण या भांडणात मी लताबाईंच्या बाजूचा. (त्यांची मागणीही गायकांपुरतीच होती, हे जाता जाता.)

निर्मात्यांच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे. सिनेमा पडला तर वादक काही पैसे परत करत नाही, धोका निर्मात्याचा असतो. मान्य. पण तो धोका 'गुमनाम'चा होता. छत्तीस वर्षांनी दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच गोष्टीच्या सिनेमात तेच वादन पुन्हा कामाला लागतं, तेव्हा १९६५च्या त्या दिवसाच्या पैशांत हे काम कसं काय बसतं? २०११ साली हेच गाणं हायनेकेन बिअरच्या जाहिरातीत वाजलं. तेही त्याच पैशांत?

कायद्यानं उशिरा डोळे उघडले. १९९४च्या दुरुस्तीपर्यंत भारतीय कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला वेगळा हक्कच नव्हता. २०१२च्या दुरुस्तीनं रॉयल्टी आली: सिनेमासाठी लेखी संमती दिली असली, तरी सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर कलाकाराचा वाटा. वाचून बरं वाटतं. मग व्याख्येतलं एक परंतुक समोर येतं. सिनेमात ज्याचं काम 'प्रासंगिक' स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो सादरकर्ताच नव्हे. आपल्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्यापुरता काय तो अपवाद.

हे कलम गर्दीतल्या एक्स्ट्रांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असावं. पण व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही ते सहज लावता येईल. त्याचं वादन 'प्रासंगिक' की नाही, हे ठरवताना त्याच्या हातात दाखवायला काय आहे? नाव छापायचं नाही हा रिवाज पाडला निर्मात्यांनी, आणि कायदा त्याच रिवाजाला साक्षीला बोलावतो. माझ्या मते रॉयल्टीच्या टक्क्यांवर भांडण्याआधी हे परंतुक काढायला हवं, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला कोण कुठलं वाद्य वाजवत होतं याची यादी निर्मात्यानं जपायला हवी. तो काही फार मोठा खर्च नाही. पैसे वाटताना त्या दिवशीही कुणीतरी यादी केलीच असेल.