उत्तर आणि उपचार : दीर्घकालीन आजारांतील चॅटबॉटच्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना :

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा यांसारखे आजार बहुधा समूळ बरे होत नाहीत. ते आयुष्यभर सांभाळावे लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. यांपैकी प्रत्येकाला पुरेसा वेळ देणे डॉक्टरांना अशक्यप्राय आहे. अशा स्थितीत कोणत्याही प्रहरी, न कंटाळता उत्तर देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट आशेचा विषय ठरावा, यात नवल नाही. ही आशा ज्या संशोधनाच्या आधारे वारंवार मांडली जाते, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :

'जामा इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात २०२३ मध्ये जॉन एअर्स व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'रेडिट'वर लोकांनी विचारलेले १९५ प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरे आणि चॅटजीपीटीची उत्तरे, कोणते उत्तर कोणाचे हे न सांगता, वैद्यकीय परीक्षकांपुढे ठेवण्यात आली. एकूण ५८५ मूल्यमापनांपैकी ७८.६ टक्क्यांत चॅटबॉट सरस ठरला. सहानुभूतीबाबत तर डॉक्टरांची ४.६ टक्के, तर चॅटबॉटची ४५.१ टक्के उत्तरे वरच्या श्रेणीत गेली.

हे आकडे प्रभावी आहेत. परंतु त्यांतून काय सिद्ध होते? डॉक्टरांचे उत्तर सरासरी ५२ शब्दांचे, तर चॅटबॉटचे २११ शब्दांचे होते. विस्तारालाच आस्था मानले गेले असण्याची शक्यता येथे नाकारता येत नाही. शिवाय मूल्यमापन रुग्णांनी केलेले नव्हते. चॅटबॉटने मसुदा करावा व डॉक्टरांनी तो तपासावा, एवढीच मर्यादित सूचना संशोधकांनी केली होती, हेही नमूद केले पाहिजे. पुढील चर्चेत मात्र ही मर्यादा बहुधा गळून पडते.

मूळ प्रश्न याहून खोल आहे. या अभ्यासात सुटा प्रश्न आणि सुटे उत्तर तपासले गेले. दीर्घकालीन आजाराचे स्वरूप असे नसते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या रुग्णाला तळव्याची जखम दुखतच नाही. म्हणून तो तिच्याविषयी विचारतही नाही. इन्शुलिन घेणारी एखादी स्त्री एकादशीला 'उपवासाला काय चालेल?' असे विचारते. भगर आणि साबुदाणा यांविषयी तिला उत्तम माहिती मिळू शकेल. परंतु सकाळचे इंजेक्शन नेहमीच्याच मात्रेत घेतले आहे, हे ती सांगत नाही. कारण ते सांगण्याजोगे आहे हेच तिला ठाऊक नसते. साखर एकाएकी उतरण्याचा धोका नेमका तेथे असतो. तिला ओळखणारी आशा सेविका किंवा डॉक्टर आधी इंजेक्शनाची चौकशी करील, पाय दाखवावयास सांगेल.

तात्पर्य, या आजारांत उत्तर देण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, न विचारलेले ओळखणे महत्त्वाचे असते. चॅटबॉटलाही प्रश्न विचारावयास लावता येईल, हा आक्षेप रास्त आहे. गोळ्यांची आठवण, साखरेची नोंद, आहाराची माहिती या कामी त्याचा उपयोग निश्चित होऊ शकेल. तथापि रुग्णाने दिलेल्या उत्तरावरून धोका दिसला, तर धावून जाणार कोण आणि चुकल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञानाने सुटणारे नाहीत.

निष्कर्ष :

चॅटबॉटचे मूल्यमापन उत्तराच्या गोडव्यावर न होता परिणामांवर व्हावयास हवे : तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत फरक पडला काय, साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग घटले काय, पायाची जखम वेळीच ध्यानात आली काय. या कसोट्यांवर तो उतरल्यास त्याचे स्वागतच करावे. मात्र डॉक्टरांची उणीव भरून काढण्याचा स्वस्त मार्ग म्हणून तो पुढे केला जाणार असेल, तर ज्या रुग्णाला प्रश्नच विचारता येत नाही, तोच सर्वप्रथम उपचारावाचून राहील.