शार्लमेनच्या राजाज्ञांचे गद्य

कायद्याचा मजकूर हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका पुष्कळांना येते. फ्रँक सम्राट शार्लमेन याच्या (कारकीर्द ७६८ ते ८१४) लॅटिन राजाज्ञा वाचू लागल्यावर मात्र ती फार वेळ टिकत नाही. लहान लहान प्रकरणांत विभागलेल्या असल्यामुळे या आज्ञांना 'कापित्युलारी' असे नाव पडले.

त्यांचे वेगळेपण कळण्यासाठी प्रथम सालिक कायद्याकडे पाहावे. परंपरेने तो क्लोव्हिस राजाच्या काळचा, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभीचा मानतात. न्यायसभेच्या बोलावण्यापासून तो सुरू होतो आणि लगेच डुकरांच्या चोरीकडे वळतो. स्वतंत्र फ्रँकच्या वधाची भरपाई २०० सॉलिडस, तर राजाच्या शपथबद्ध सेवकाच्या वधाची ६००. हे गद्य हिशेबाच्या वहीचे आहे. त्यात बोलणारा कोणी नाही.

शार्लमेनच्या आज्ञांत हा बोलणारा येतो. ७८९ च्या 'सर्वसाधारण उपदेशा'त तो बायबलमधील योशीया राजाचा आदर्श पुढे ठेवतो, मात्र आपण पावित्र्यात त्याच्या बरोबरीचे नाही हेही सांगतो. मुलांसाठी शाळा काढाव्यात, धर्मग्रंथांच्या प्रती शुद्ध करून घ्याव्यात, अशी आज्ञा देऊन तो कारणही देतो : ईश्वराची नीट प्रार्थना करण्याची इच्छा असूनही अशुद्ध पोथ्यांमुळे अनेकांची प्रार्थना चुकते. ज्याला आज्ञा द्यायची त्याला ती पटवून देण्याची ही धडपड, हेच या गद्याचे खरे सामर्थ्य होय.

न्यायाधीशांचा लोभ, खोटी मापे, विधवा व अनाथ यांची उपेक्षा हे विषय या आज्ञांत पुनःपुन्हा येतात. यावरून राज्यकारभार निष्फळ होता असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु तो अपुरा आहे. यांतील कित्येक लेख म्हणजे राजप्रतिनिधींसाठी केलेली टिपणे होती. खरी आज्ञा सभेत तोंडी सांगितली जाई. ८०२ मध्ये बारा वर्षांवरील सर्वांनी सम्राटाशी निष्ठेची शपथ घ्यावी असे ठरले, तेव्हा त्या शपथेत काय काय अंतर्भूत आहे हे लोकांना जाहीरपणे समजावून द्यावे, असेही फर्मावले होते. कानांसाठी रचलेल्या गद्याला पुनरुक्तीचा दोष लावताना समीक्षकाने थोडे थांबावे.

तथापि या गौरवाला मर्यादा आहे. जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी ७८५ च्या सुमारास काढलेल्या आज्ञेतही पुनरुक्ती आहे, पण ती मृत्युदंडाची. बाप्तिस्मा टाळला तर मृत्यू. उपवासकाळ तुच्छ लेखून मांस खाल्ले तर मृत्यू. जुन्या रीतीने प्रेत जाळले तरी मृत्यू. येथे पटवून देणे संपले आहे. दरबारचा विद्वान आल्क्विन याने ७९६ मध्ये बळाने धर्म लादण्याविरुद्ध लिहिले आणि ७९७ च्या नव्या आज्ञेत दंडाच्या रकमांवर भर आला. पहिल्या आज्ञेची भाषा कमी रेखीव आहे असे कोणी म्हणणार नाही. आणि म्हणूनच केवळ रेखीवपणावर अशा गद्याची किंमत ठरवता येत नाही.

सर्वांत विलक्षण लेख ८११ चा आहे. त्यात वृद्ध सम्राट बिशपांना व मठाधिपतींना आज्ञा करण्याऐवजी प्रश्न विचारतो. संसार सोडला म्हणजे नेमके काय सोडले? शस्त्र न धरणे आणि उघडपणे विवाह न करणे एवढाच त्याचा अर्थ काय? नरकाचे भय दाखवून भोळ्यांची मालमत्ता लाटणाऱ्याने संसार सोडला असे म्हणावे काय? या प्रश्नांना धार आहे, उपरोध आहे, आणि आपल्याच राज्याची झाडाझडती घेण्याचे धैर्यही आहे. सॅक्सनीतील आज्ञा विसरता येत नाही. पण तिच्याच शेजारी हे प्रश्न ठेवून वाचले, तरच या गद्याचे यथार्थ मूल्यमापन होईल.